हुशार आहे, पण लक्ष देत नाही

झेडपीच्या शाळेत दोन गोष्टींचा कधी तुटवडा पडत नाही: फॉर्म आणि किस्से. फॉर्म वर पाठवावे लागतात, किस्से आपल्याकडेच साठत जातात. नेवाशाकडच्या आमच्या शाळेत मला एकोणीस वर्षं झाली. स्वभाव तापट, तोंड फटकळ. पण आज सांगते ते किस्से एकाच पोरीचे आहेत आणि त्यात माझीही शोभा झालेली आहे, तेव्हा जरा बेतानं हसा!

पोरगी म्हणजे प्राजक्ता, चौथीतली. वडील दत्तूभाऊ कांद्याचा टेम्पो चालवतात, आई सुनीता घर आणि शेत बघते.

एकदा तिला म्हटलं, "ऑफिसातून खडूचा डबा आण." ऑफिस वीस पावलांवर. पाऊण तास झाला, पोरगी गायब! शोधायला निघाले तर खिचडी शिजवणाऱ्या मावशींजवळ बसून मन लावून वाटाणे सोलतेय. त्याआधी म्हणे हापशावर कुणाची तरी बादली भरून दिली, त्याच्याआधी कुत्रीची पिल्लं मोजली.

"प्राजक्ता, खडू?"

तिनं डोळे मोठे केले. "कुठला खडू, बाई?"

नाटक नव्हतं हो! खरंच विसरली होती. तरी मी तिला तासभर वर्गात उभी केली.

* * *

परिपाठाचा किस्सा तर गावभर झाला. आमच्याकडे प्रतिज्ञा एकानं सांगायची आणि बाकीच्यांनी हात पुढे करून त्याच्यामागून म्हणायची. त्या दिवशी पाळी प्राजक्ताची. दोन ओळी खणखणीत झाल्या. तिसऱ्या ओळीला तिची नजर गेली पत्र्यावर.

"बाई, माकड!"

आणि सगळी शाळा, हात समोर, एका सुरात: "बाई, माकड!"

हेडसर तोंड फिरवून उभे राहिले, खांदे मात्र गदगदा हलत होते. नंतर ऑफिसात गंभीर होऊन म्हणाले, "पोरगी वांड आहे." आम्हीही माना डोलावल्या.

* * *

मग तालुक्याहून रेश्मा आली. विशेष शिक्षिका, स्कूटीवर येणारी तरुण मुलगी. दोन दिवस मागच्या बाकावर गप बसली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, ही ऐकत नाही असं नाही. तिला सगळंच ऐकू येतं. त्यातलं आधी काय ऐकायचं, ते तिचं ठरत नाही."

मी भडकलेच. "मग आम्ही काय एकोणीस वर्षं झोपा काढल्या?"

ती हसली. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या म्हणाली. ते ठीक निघाले, तेव्हा म्हणाली, "एडीएचडी असू शकतं. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, अंग स्वस्थ बसू देत नाही. पण ते मी नाही ठरवायचं, डॉक्टर ठरवतील."

हेडसरांनी चष्मा वर केला. "एडीएचडी? आता हे कधीपर्यंत ऑनलाइन भरायचंय?"

* * *

ऑनलाइन नव्हतं, पण फॉर्म होताच. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन पाठवले, एक शाळेनं भरायचा, एक घरच्यांनी. रेश्मानं समजावलं, "एका जागी दिसून उपयोग नाही. घरी आणि शाळेतही दिसायला हवं, तेही सहा महिन्यांहून जास्त. एखादा दिवस तर सगळ्यांचाच वाईट असतो."

शाळेचा फॉर्म हेडसरांनी हौसेनं घेतला आणि दहा मिनिटांत परत दिला. 'काम अर्धवट सोडते का?' निरंक. 'वस्तू हरवते का?' निरंक. 'जागेवरून सारखी उठते का?' निरंक. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक!

"अहो सर, हे काय?"

"बाई, वर जाणारा कागद निरंकच जावा. शाळेला उगाच त्रास नको!"

दुसरा कोरा आणून मी भरायला बसले. आधार म्हणून प्राजक्ताची जुनी प्रगतिपत्रकं काढली. पहिलीत शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' दुसरीत तोच. तिसरीत तोच. अक्षर माझंच. तीन वर्षं मी ते लिहीत आले आणि का देत नाही, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू?

* * *

घरचा फॉर्म भरायला सुनीता वर्गात माझ्या टेबलाशी बसली. मी वाचायचं, तिनं सांगायचं.

"वस्तू वारंवार हरवते का?"

"कोनाचं विचारताय म्याडम? पोरीचं का ह्यांचं?"

तेवढ्यात 'हे' आलेच. दत्तूभाऊ तणतणत आत शिरले. "माझ्या पोरीला येडी ठरवताय व्हय? काय बी झालेलं न्हाई तिला! श्रीरामपूरला तिच्या आत्याकडं धाडतो. तितली शाळा लई कडक हाय. चार छड्या बसल्या की हुईल सरळ!"

ती आत्या किती मारकुटी आहे, ते मला माहीत होतं. आणि आमची प्राजक्ता मारानं सरळ नसती झाली, मिटून गेली असती.

"मी बी लहानपनी असाच हुतो," दत्तूभाऊंचं चालूच. "मार खाल्ला, झालो सरळ!"

हे सांगताना ते वर्गभर फिरत होते. पृथ्वीचा गोल गरागरा फिरवून झाला, माझं पेन उघडून त्याची स्प्रिंग हातात आली. मग ताडकन निघून गेले. दोन मिनिटांत परत आले, टेम्पोची चावी टेबलावर राहिली होती. चावी घेतली आणि मोबाईल ठेवून गेले!

* * *

तोवर रेश्मानं सांगितलेलं आम्ही सुरू केलं. प्राजक्ताला पुढच्या बाकावर घेतलं. एका वेळी एकच काम सांगायचं. पाढे व्हरांड्यात चालत म्हणायची परवानगी दिली. आणि काय सांगू, तीन फेऱ्यांत सतराचा पाढा पाठ झाला पोरीचा! मी तिला जवळच घेतलं.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग टेबलाभोवती. "बाई, आमाला बी एडीएचडी द्या ना!"

* * *

शेवटी दत्तूभाऊ नगरला जायला तयार झाले, पण अटीवर. "डॉक्टर न्हाई म्हनल्या, तर दुसऱ्या दिवशी दाखला काढनार."

पुढचं सुनीतानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फॉर्म वाचले, पोरीशी तासभर गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "आहे. यात पोरीचा दोष नाही, आईचाही नाही. पुष्कळदा हे घराण्यातून येतं." दत्तूभाऊंनी टेम्पोची चावी खिशात आहे का, ते चाचपलं.

परतताना घोडेगावला चहाला थांबले. चहा झाला, टेम्पो निघाला. दोनेक किलोमीटरवर प्राजक्ता म्हणाली, "पप्पा, आई कुठंय?"

आई घोडेगावात, हॉटेलच्या दारात उभी!

सुनीता हे सांगताना हसून हसून रडत होती. मीही हसले, पण धाकधूक होतीच. डॉक्टरीणबाईंचं ह्या माणसाला पटलं की नाही, कुणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ शाळेत हजर. मी जड हातानं दाखल्याचं पुस्तक काढलं.

"दाखला न्हाई पायजे," ते म्हणाले. थोडा वेळ पृथ्वीचा गोल फिरवत राहिले. "त्यो फॉर्म... कोरा हाय का अजून एक?"

मी दिला. ते पुढच्या बाकावर, प्राजक्ताच्या जागेवर, गुडघे दुमडून बसले. 'बालकाचे नाव' या रकान्यात हळूहळू स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"इयत्ता," मी वाचून दाखवलं.

"चौथी," दत्तूभाऊ म्हणाले. "तितंच सुटली हुती शाळा."