ओरडणारा नको, गाणारा पाहिजे

केमिकल कंपनीत नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. काम करताना नाही, कंपनीची बस यायची वाट बघताना. आमची बस महाडहून सुटून पोलादपूरला जायची आणि कधीच वेळेवर निघायची नाही. मी लॅबमध्ये केमिस्ट, इम्तियाज इन्स्ट्रुमेंटचा मेकॅनिक, नितीन स्टोअर्समध्ये क्लार्क. तिघांना एकच वेड, हेवी मेटल! महाडमध्ये त्या काळी हे वेड असलेले आम्ही तिघेच असू. बाकीच्यांना आम्ही वाया गेलेले वाटायचो. मी त्यातला सगळ्यात भित्रा, म्हणून सगळं मलाच जास्त लक्षात राहिलंय.

*

आमच्या कंपनीत कोणी ओरडायचं नाही. असा बोर्ड कुठे लावलेला नव्हता, पण नवीन माणसाला पहिल्याच दिवशी समजायचं. भांडणसुद्धा हळू आवाजात. क्रिकेटमध्ये विकेट पडली तर टाळी वाजवायची, बस. कारण प्लँटमध्ये माणूस ओरडला याचा अर्थ एकच, काहीतरी लीक झालं. मग हातातलं टाकायचं, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी बघायची आणि वारा जिकडून येतोय तिकडच्या गेटला पळायचं.

आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? इम्तियाजच्या भावाने कुवेतहून पाठवलेली पहिली कॅसेट दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या टेपवर लावली. आधी गिटार वाजली, झकास. ड्रम आले. मग तो गायक जो ओरडला! कँटीन चालवणाऱ्या शकूमावशींनी गॅस बंद केला आणि डाव हातात घेऊनच त्या बाहेर पळाल्या. त्यांच्या मागे सगळी पंगत, कोणाचे हात आमटीचे, कोणाच्या तोंडात घास. दोन मिनिटांत कँटीनमध्ये आम्ही तिघे आणि तो ओरडणारा, एवढेच उरलो.

सेफ्टीचे साहेब चिडतील असं वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. शांतपणे म्हणाले, "उद्या खरंच कोणी ओरडला आणि हे लोक म्हणाले, पोरांची कॅसेट असेल, तर?"

हा प्रश्न माझ्या पोटात जो जाऊन बसला तो बसलाच. गाणी लावा, ओरडणं नको, एवढंच ते सांगून गेले.

*

तुम्ही म्हणाल, मग सिनेमाची गाणी लावायची. लावून बघितली. पण दिवसभर पंपांची घरघर ऐकल्यावर डोक्यात जो भुंगा राहतो, तो त्या गिटारशिवाय जात नाही. तेव्हा गिटार तीच हवी, गायक मात्र गाणारा हवा.

आता कॅसेट बाहेरून बघून गायक गातो की ओरडतो हे कसं ओळखणार? कॅसेट आम्ही पुण्याहून आणायचो, पण तिथला दुकानदार वाजवून दाखवायचा नाही. नितीनने सिद्धांत मांडला की कव्हरवर कवटी असेल तर ओरडणारा, निसर्ग असेल तर गाणारा. म्हणून आम्ही तळं, धुकं आणि पांढरा घोडा असलेली कॅसेट आणली. त्यातला माणूस पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत नुसता किंचाळत होता. पुढच्या वेळी कंटाळून कवट्यांचा ढीग असलेली घेतली, तर तो बुवा भजनाला बसल्यासारखा मन लावून गायला. फक्त त्याच्याकडे गिटारच नव्हती, सगळा ऑर्गन. नितीनने सिद्धांत मागे घेतला.

*

टेस्टिंग करायला जागा नव्हती. घरी शक्य नाही, कंपनीत तर नाहीच. शेवटी इम्तियाजच्या अब्बांचा ट्रक कामी आला. रविवारी वरंधच्या अलीकडे एका झाडाखाली ट्रक लावायचा, काचा वर करायच्या आणि केबिनमध्ये बसून कॅसेट ऐकायची. उकाड्याने जीव जायचा.

एकदा एक आजोबा काठी घेऊन धावत आले आणि काच ठोकू लागले. मी काच खाली केली. आजोबांनी आत वाकून आम्हा तिघांना नीट बघून घेतलं, सीटच्या मागेही बघितलं.

"चौथा कुठं हाय? सोडा रे त्याला. आधी पाणी पाजा."

आम्ही टेप दाखवला, बंद करून दाखवला. त्यांना पटलं नाही. मागचा हौदा उघडून दाखवला तेव्हा ते गेले, आणि जाताना ट्रकचा नंबर मोठ्याने वाचत गेले. मला ती अख्खी रात्र झोप नाही.

*

मग इम्तियाजने कुवेतला फोन लावला. एसटीडी बूथमध्ये काचेचं दार लावून तो भावाला समजावत होता की गाणारा पाहिजे, ओरडणारा नको. भावाला फरक कळेना. शेवटी इम्तियाजने तोंडाने करून दाखवलं, आधी गाणारा, मग ओरडणारा. बूथवाल्याने दार उघडून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? बाहेर लाइनीत उभ्या असलेल्या बाईने तर त्याला आपली पाण्याची बाटली दिली.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. तिथल्या दुकानात त्यालाही तेच करून दाखवावं लागलं होतं. दुकानदाराने त्याला खुर्ची दिली म्हणे.

*

भावाने पाठवलेल्या कॅसेटचा गायक खरंच गात होता. आम्ही खूश. पण ही माणसं दगाबाज! पहिलं गाणं गोड, दुसरं गोड, आणि तिसऱ्यात मध्येच घसा फाडतात. कँटीनमध्ये ते तिसरं गाणं लागलं तेव्हा मला त्याने दम घेतलेला ऐकू आला. मी टेबलावरून झेप घेऊन वायर उपटली. साहेबांचा चहा साहेबांच्याच शर्टावर.

त्यानंतर इम्तियाजने दोन कॅसेटच्या डबल डेकवर ओरडणं गाळून कॅसेट पुन्हा भरली. गाणं उचकी लागल्यासारखं वाजायचं. मी एक हात बटणावर ठेवून जेवायचो. आई म्हणाली, वाळलास रे, काही दुखतंय का? काय सांगणार तिला!

*

शेवटी नितीनला मुंबईच्या फुटपाथवर एक कॅसेट मिळाली. कव्हर नाही, नाव पुसलेलं. आम्ही ती ट्रकमध्ये दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकली. गिटार अशी की काचा थरथरतात, आणि वर तो गायक, उंच, स्वच्छ आवाज. कुठेच ओरडला नाही. नितीनच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला उकाड्यामुळे.

कँटीनमध्ये लावली. शकूमावशी दाराशी उभ्या राहिल्या, पाय बाहेर जायच्या तयारीत. मग आत आल्या. दोन-चार दिवसांनी टेप बंद दिसला तर त्यांनीच विचारलं, आज त्या पोराला नाय लावला? तो काय म्हणतो असंही विचारलं. इम्तियाजने ठोकून दिलं की घरापासून लांब आहे, आईची आठवण काढतो. मावशींचा मुलगा गुजरातला कामाला होता. तेव्हापासून तो गायक 'आपला' झाला. शिवथरच्या घरून येताना मावशी बसमध्ये त्याची चाल गुणगुणायच्या, असं ड्रायव्हर सांगायचा.

मी मात्र आणखीच घाबरलो. आता लोकांना मोठ्या आवाजाची सवय झाली होती. साहेबांचा प्रश्न होता तिथेच होता.

*

आणि मग ती दुपार. कँटीन भरलेलं, 'आपला' जोरात चाललेला. बाहेर ॲसिडच्या टँकरचा पाइप सुटला आणि हेल्पर ओरडला.

कोणी उठलं नाही. एक जण हसून म्हणाला, कॅसेट बदलली वाटतं. मी, ज्याने हीच भीती इतके महिने उराशी धरली होती, मीसुद्धा आधी टेपकडे बघितलं.

मावशींनी गॅस बंद केला. "आपला नाय हा. उठा!"

सगळे उठले. पिशवी बघितली, गेटला पळाले. हेल्परला दोघांनी प्लँटच्या सेफ्टी शॉवरखाली धरला होता, डोळे धुतले, वाचला. गेटवर हजेरी झाली, सगळे होते. मी इम्तियाजचा हात धरून ठेवला होता, तो सोडवत नव्हता.

साहेब मावशींकडे आले. म्हणाले, मावशी, एवढ्या गोंगाटात तुम्हाला कसं कळलं?

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"आपला रडतो कधी कधी. पण असा घाबरत नाय."