जेम्स मास्तरांचे ठिपके

मी जन्मतः आंधळा नाही. नेवाशात देवीची साथ आली तेव्हा तीन वर्षांचा होतो, तेवढीच माझी नजरेची कमाई. पुढं नगरच्या अंधशाळेत शिकलो आणि तिथंच खुर्च्या विणायला शिकवणारा सहादेव सर झालो. हे आधीच सांगतो, कारण जेम्स मास्तरांना मी कधी पाहिलेलं नाही. मला त्यांचा हात ठाऊक होता.

हात म्हणजे ब्रेलचा हात. छापील ब्रेल पुस्तकं आमच्या शाळेला वेळेवर कधी मिळाली नाहीत. म्हणून मास्तर जाड कागद ब्रेलच्या खाचांच्या पाटीत अडकवायचे आणि टोचणीनं एकेक ठिपका टोचून पुस्तकं करायचे. टोचायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं, म्हणजे कागद पालटला की सुलट लागतं. अशी सव्वीस वर्षं. अक्षराच्या सहा ठिपक्यांतला डाव्या अंगाचा खालचा ठिपका ते नेहमी जरा खोल मारत, त्यावरून पान त्यांचं की दुसऱ्याचं हे मी लगेच सांगायचो. ते स्वतः डोळस, ब्रेल डोळ्यांनीच वाचायचे. कागद दिव्याखाली तिरपा धरला की ठिपक्यांची सावली पडते म्हणे. मी चिडवायचो, मास्तर, तुम्ही काठावर बसून पोहता. ते हसत.

पन्नाशी उलटली आणि त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. शहाण्णव साली परदेशातल्या कुठल्याशा चर्चनं ब्रेल छापायचं यंत्र पाठवलं, पण ते चालवणारं कोणी नसल्यानं वर्षभर खोक्यातच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांचा पुतण्या जॉर्ज पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आला आणि त्यानं शाळेच्या कॉम्प्युटरवर एका सीडीवरून लिनक्स नावाची सिस्टीम बसवली. त्याला तिचं भारी कौतुक. ही सिस्टीम कोणा एकाच्या मुठीत नाही, आतलं सगळं उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, असं तो सांगायचा. मी ते माझ्या वेताच्या हिशेबानं समजून घेतलं. वीण बोटांना लागत असली की तुटलेली कोणालाही जोडता येते.

पण मराठीचं ब्रेल करणारा प्रोग्रॅमचा तुकडा तिच्यात नव्हता. तो पुण्याच्या एका कंपनीनं केला होता आणि शाळांना फुकट मिळत होता. फक्त तो बंद होता. आत काय आहे ते कोणाला दाखवणार नाहीत, आणि दर जूनला त्यांच्याकडून नवा आकडा मागवायचा, त्या किल्लीशिवाय तो चालणार नाही.

"काका, हा घेऊ नका," जॉर्ज म्हणाला. "आपण आपला लिहू. वर्ष लागेल, पण तो आपला असेल. हे दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं झालं."

"आणि वर्षभर पोरांनी काय वाचायचं?" मास्तर म्हणाले. "तहान आज लागलीय ना त्यांना."

मला मास्तरांचंच पटलं. आजही त्यांना चूक म्हणवत नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

वर्षभर यंत्र खडखडत राहिलं. त्याचे ठिपके सगळे एका मापाचे, कोणाचाच हात नसलेले, पण बोटाला स्वच्छ लागायचे. मास्तर दोन बोटांनी पुस्तकं टाइप करायचे आणि ती त्या बंद तुकड्यातच साठायची. मग कपाट मोकळं करायला म्हणून त्यांच्या हातची जुनी पानं माझ्या वर्गात आली. असा जाड कागद पाकिटांना झकास. पोरांनी सव्वीस वर्षांची पाकिटं केली आणि ती औषधाच्या दुकानात गेली. दहावीचा इतिहास मीच दुमडला. दुमडताना तो खोल ठिपका बोटाला लागत होता, तरी दुमडला.

त्या वेळी दहावीत जाणारी एकच मुलगी होती, कर्जतकडची विजयमाला. तापात तिची नजर गेली आणि निम्मे कानही गेले. बाकीची पोरं कॅसेट ऐकून भागवायची, हिला बोटांशिवाय आधार नव्हता. दहावी झाली तर बालवर्गावर मदतनीस म्हणून ठेवू, असं हेडबाईंनी तिला कबूल केलं होतं. नाही झाली तर गावी भावाच्या दारात बसायचं. तिचे बाकीचे विषय छापून झाले होते, इतिहासाचे मात्र दोनच धडे निघाले होते.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये आकडा आला नाही. कंपनी विकली गेली होती आणि नव्या मालकाला ब्रेलशी देणंघेणं नव्हतं. आमचं पत्र परत आलं. जॉर्जनं कॉम्प्युटरचं घड्याळ मागं नेलं, आणखी नाना खटपटी केल्या. सगळी सिस्टीम उघडी, तेवढा एक तुकडा मिटलेला, आणि पुस्तक त्याच्या पोटात. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं ही म्हण आमच्यावरच आहे, तेव्हा मी बोललो तर चालेल. इथं डोळसानं दळलं आणि पीठ कुलपात गेलं. ऑगस्टमध्ये जॉर्ज दोन हजार सालासाठी कॉम्प्युटरांच्या तारखा दुरुस्त करायच्या कामाला अमेरिकेला गेला. आपला तुकडा तिकडून लिहून पाठवतो म्हणाला. ते काही आलं नाही. ब्रेल छापखान्यानं पुढच्या वर्षी बघू असं कळवलं.

मास्तरांनी पुन्हा टोचणी उचलली. मी म्हटलं, तुम्ही वाचा, मी टोचतो. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, हा तुकडा मी घेतला होता, सहादेव, निस्तरणारही मीच. मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही.

सात महिने ते पानं टोचत होते. विजयमाला शेजारी बसून पानावर बोटं फिरवायची आणि म्हणायची, कळतंय सर. मास्तर खूश व्हायचे.

परीक्षेला चार दिवस राहिले होते तेव्हा ती पुस्तक माझ्या वर्गात विसरून गेली. मी उघडलं. पहिली ओळ नीट होती. पुढं ठिपके विरत गेलेले, खाली खाली तर नुसता कागद. मास्तरांना दिव्याखाली सावली दिसत असेल, त्यांना पुरतही असेल. बोटाला काय लागतं ते त्यांना कधी कळलंच नव्हतं.

मी तिला गाठून कानाशी ओरडून विचारलं.

"मास्तरांची बोटं लई दुखत्यात सर," ती म्हणाली. "न्हाई कळत म्हनले आसते, तर त्यांनी पुन्हा टोचलं आसतं. तुमी सांगू नका."

चार दिवस मी तिच्या कानाशी ओरडत राहिलो, जेवढा इतिहास मला आठवत होता तेवढा. तो फार नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, इतिहासात गेली. भाऊ तिला न्यायला आला तेव्हा मास्तर तिच्यासमोरच म्हणाले, सबंध पुस्तक टोचून दिलं होतं मी, पोरीनं उघडलंच नसेल. तिनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिनं वाकून मास्तरांना नमस्कार केला आणि भावाबरोबर गेली.

मास्तर त्याच वर्षी निवृत्त झाले. रविवारी चर्चहून येताना माझ्याकडे चहाला थांबतात आणि दर वेळी विचारतात, हुशार पोरगी, तिनं असं का केलं असेल? मी खरं सांगायला तोंड उघडतो. तेवढ्यात त्यांच्या हातातली कपबशी खडखडायला लागते, आणि मी आणखी चहा घेता का म्हणून विचारतो.

पुस्तक माझ्याकडे आहे. त्याची पाकिटं मी होऊ दिली नाहीत. प्रत्येक पानाची पहिली ओळ अजून वाचता येते, डाव्या अंगाचा खालचा ठिपका खोल. दुसरीपासून पुढं नुसता कागद.