पाच बोटांच्या बाई

वर्गात धुडगूस घालणारी पोरं शाळेत ज्यांच्या खोलीत धाडतात, त्या या बाई. पोराच्या नाकासमोर पंजा धरायच्या आणि एकेक बोट मिटत शिकवायच्या: थांबायचं, अडचण सांगायची, तीन उपाय काढायचे, प्रत्येकाचा परिणाम बघायचा, मग एक निवडायचा. घरी सासूबाईंशी जुंपली की मात्र पहिलंच बोट मिटत नसे. नवरा पेपराआडून म्हणायचा, "अगं, थांबायचं!" मग त्याचीही खैर नसे.

चौथीतल्या एका पोरीनं, सगळे तिला तोफच म्हणत, बाईंची बोटं झिजवली. रोज एक बाक उलटा. हेडसर म्हणाले, "शुक्रवारी तिच्या हातात दाखला!"

"सर, ही तिची तिसरी शाळा. पुढं कोण घेणार तिला? आणि शिकतेय हो ती."

"काय? बाक उलटण्याआधी बोटं मोजायला?"

हे बाईंना भलतंच झोंबलं.

शुक्रवारी दाखला लिहून तयार, पण शाळेचा शिक्का गायब. शिपायानं ऑफिस पालथं घातलं. तोफ मात्र हाताची घडी घालून बसलेली, जन्मात पहिल्यांदा. बाईंनी तिची वही उघडली.

'अडचण: सर मला काढणार.
उपाय एक: रडायचं. परिणाम: कोणी बघत नाही.
उपाय दोन: सरांना चावायचं. परिणाम: आजच काढतील.
उपाय तीन: शिक्का बाईंच्या पिशवीत टाकायचा. परिणाम: बाईंवर संशय येत नाही.
तिसरा निवडला.'

बाईंनी पिशवीत हात घातला. डब्याखाली शिक्का!

"बाई, तुम्ही पाहिलात का कुठं?" हेडसर दारातून ओरडले.

बाईंनी पंजा वर धरला. एक बोट मिटलं, दुसरं मिटलं... पाचही मिटली. मग पिशवीची चेन लावली.

"सोमवारी शोधू या की, सर. तिनं आज बाक उलटला नाही, तुम्हाला चावलीही नाही."

"चावायचं कुठून आलं मध्येच?"

"विचार होता तिचा. बदलला."

हेडसरांनी नकळत हात खिशात घातले. "बरं, सोमवारपर्यंत," म्हणाले आणि सटकले.

बाईंनी लाल पेन काढलं आणि तिसऱ्या उपायाखाली शेरा मारला: 'परिणाम अपुरा. बाईंचं काय होईल, ते लिहिलेलं नाही. सोमवारी पुन्हा करून आण.'