हिरवा फायबरचा पत्रा

हडपसरला आमचं फायबरचे पत्रे बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. साच्यात काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यावर रेझिन ओतून रोलर फिरवायचा, सुकलं की पत्रा तयार. आसपास आयटी पार्क उभे राहायला लागले आणि पार्किंगवर घालायला सगळ्यांना आमचाच माल हवासा झाला. गिऱ्हाईक आलं की आमचे मिस्त्री नवा पत्रा विटांवर आडवा ठेवायचे, चपला काढून त्यावर उभे राहायचे आणि शांतपणे तंबाखू मळायचे. पत्रा हूं की चूं करत नसे. मग मी ऐटीत म्हणायचो, "लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते. याला काय होणारे?"

काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. आमच्याच दारावरच्या शेडला पहिल्या वर्षी बनवलेले पत्रे होते. बारा उन्हाळे खाऊन त्यांचा हिरवा रंग पांढरट झाला होता. उन्हानं वरचं रेझिन झिजतं, आतले धागे उघडे पडतात आणि पावसाचं पाणी त्यांच्या कडेकडेनं आत मुरतं. खाली उभं राहिलं तरी मानेला खाज सुटायची. एकदा मिस्त्रींनी शिडीवरून हात घालून पत्रा नखानं खरवडला आणि निघालेले धागे माझ्या तळहातावर ठेवले.

"साहेब, यात आता जीव नाही. बदलून टाका."

"बदलू हो. आधी लोकांचे तर होऊ द्या!"

पुढे मुलीच्या लग्नासाठी मिस्त्री वाशीमकडे गावी गेले. नेमकी तेव्हाच एका मोठ्या आयटी पार्कची माणसं वर्कशॉप बघायला येणार होती. पत्रे विकणाऱ्याच्या दारातच कुजका पत्रा? छे! माझा जीव अब्रूत अडकलेला. बदलायला चार दिवस लागले असते, रंगाला एक सकाळ पुरली. शेड हिरवीगार झाली. पाहुण्यांनी मान वर करून बघितलं, खूश झाले, ऑर्डर देऊन गेले. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा चक्क हसलो होतो. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मिस्त्री गावाहून परतले त्याच सकाळी पन्हळीत पाला अडकून दारात पाणी सांडत होतं. कुणी न सांगताच ते शिडी लावून वर गेले. मी आत फोनवर बोलत होतो. काडकन आवाज आला. धावत बाहेर गेलो, तर मिस्त्री फरशीवर उताणे पडले होते आणि अंगावर हिरवे तुकडे. "पाय कुठायत माझे?" एवढंच ते विचारत होते.

मणका गेला होता. आता हे उभे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवडाभर मी नुसता फळं ठेवून परत येत होतो. शेवटी एका दुपारी त्यांच्या खाटेशी बसलो.

"मिस्त्री, पत्रे जुनेच होते. मीच वरून रंग मारून घेतला. फार मोठी चूक झाली हो माझी."

त्यांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली.

"रंग दिसला होता मला, साहेब," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही माझं ऐकलं. नवे घातले. म्हणून तर पाय ठेवला."