बाबांनी बैलांना दिलेलं आवतण

श्रावण अमावास्या, पोळ्याचा दिवस. ठिकाण पिंपळगाव राजा, आमचं घर. हजर: बाबा, मी, पुण्याहून आलेला धाकटा भाऊ आणि त्याची बायको. बैल: नाहीत. आई गेली त्या वर्षी बाबांनी शेती बटाईने दिली आणि शेवटची जोडी विकली. तेव्हापासून आमचा पोळा देवघरात, मातीच्या बैलांपुढे होतो.

मी खामगावला राहते आणि दर आठवड्याला इथे येते, त्यामुळे सणाची यादी माझ्याकडे असते. हरभऱ्याची डाळ, गूळ, मातीची जोडी, आंब्याचा टहाळा. यंदा शेवटी एक काम नवीन होतं: बाबांचं ठरवणे.

ठरवायचं हे होतं की बाबांनी या घरात एकट्याने राहायचं की भावाबरोबर पुण्याला जायचं. उन्हाळ्यात ते एकदा पिशवी घेऊन एसटी स्टँडवर बसलेले सापडले. कापूस मोजायला खामगावला चाललो म्हणाले. कापसाचे दिवस नव्हते आणि आमच्याकडे कापूसही नव्हता. दुसऱ्यांदा दूध तापायला ठेवून ते देवळात निघून गेले. शेजारणीने धूर पाहिला म्हणून निभावलं. भावाचं म्हणणं होतं, आता पुरे. बाबांचं म्हणणं एकच वाक्य होतं: "पुण्यात मी कोणाच्या दारी जाऊ?" मी दोघांच्या मध्ये. मी जवळ राहते, मला इथलं दिसतं, म्हणून भाऊ म्हणाला, "ताई, तू सांगशील ते. पण मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला निघतो, त्याच्या आत सांग."

बाबांचं ते वाक्य नीट कळायचं तर त्यांचं आयुष्य माहीत हवं. त्यांचं वय नक्की कोणालाच माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक आहे, ते स्वतः दुसरं सांगतात, आणि दोन्हींनी नव्वदी ओलांडली आहे. तरुणपणी त्यांनी बैलगाडीने कापूस नेला, पुढे ग्रामपंचायतीत बसले, भावकीतल्या बांधाच्या भांडणांत मधे पडले. पण गावात आबाजी म्हणून त्यांची ओळख वेगळीच. लग्नाचं आवतण द्यायला लोक त्यांना घेऊन जात. पत्रिका छापून घरोघर वाटल्या तरी आमच्याकडे रुसलेली भावकी पत्रिकेवर येत नाही. बाबा दारात उभे राहून "सगळ्यायनं येजा बरं" म्हणाले की येते. कोणाच्या घरी आधी जायचं, कोणाला ओसरीवर बसून सांगायचं, कोणाला उभ्याउभ्या, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. माझी यादी करायची सवय त्यांना अजून गमतीची वाटते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." माणसासारखं रीतसर बोलावणं. दुसऱ्या दिवशी बैल दारात येतो, पुरणपोळी खातो. आवतण दिलेला बैल उपाशी गेला तर ते घराला लागतं असं मानतात.

तर पोळ्याच्या सकाळी मी डाळ शिजत घातली होती. भावजय गूळ चिरत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "पुरण जास्तीचं टाकजो बाई. जोडी जेवाले येऊन राह्यली."

"कोणाची जोडी, बाबा?"

"आवतन देलं ना काल."

"कोणाच्या बैलायले?"

"आपल्या."

भावजयीचा हात विळीवर थांबला. ओसरीतून भाऊ उठून आत आला आणि माझ्याकडे पाहायला लागला.

"बाबा, आपल्याकडे बैल कुठे आहेत आता?" तो म्हणाला.

"तुले काय माहीत," बाबा म्हणाले, "तू तं पुण्यात राह्यतं." आणि अंघोळीला निघून गेले.

आदल्या संध्याकाळी ते वाटी घेऊन बाहेर गेले होते हे खरं. मी पाहिलं होतं. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि हात पिवळे. मी समजले, मातीच्या बैलांना लावून आले असतील. देवघरात जाऊन पाहिलं, तर मातीचे बैल कोरडे.

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, अजून काय पाहिजे तुला?"

मला पुरावा पाहिजे होता. मी म्हटलं, जोडी खरी असेल तर बाबा ठीक आहेत; नसेल तर तुझं खरं. त्याने मान्य केलं. मी डाळीवर भावजयीला ठेवलं आणि निघाले.

डोक्यात बेत सोपा होता: ज्या बैलाच्या खांद्याला ताजी हळद, तो आमचा पाहुणा. पहिल्याच गोठ्यात चूक कळली. काल सगळ्या गावाची खांदमळणी झाली होती. गावात पिवळ्या खांद्याशिवाय बैलच नव्हता.

मग विचारावं लागलं. आधी शेजारीण.

"काकू, काल बाबा तुमच्या गोठ्यात आले होते का?"

"हाव, आले होते न माय," ती म्हणाली.

"बैलायले आवतन देलं?"

"देलंच असन. आबाजी आले अन् आवतन न देता गेले, असं झालं का कधी?"

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

"मी चुलीपाशी होती. पण आम्ही येतो हो, तू काळजी नको करू."

ती येते म्हणाल्यावर मी काय बोलणार? "या मंग," म्हटलं.

दुसरा आमची शेती करणारा बटाईदार. तो बैलांच्या शिंगांना रंग लावत होता. "आबाजीनं देलं का आवतन?" त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, तेच तर विचारायला आले. तो ब्रश पाण्यात टाकून उठला. "आपले बैल म्हटलं त्यायनं? मंग आमचेच. शेत तुमचं, त्यातच चालते हे. येतो तोरणाच्या नंतर." हे पटण्यासारखं होतं. मी जवळजवळ निश्चिंत झाले.

पण तिसरं घर भावकीतल्या काकांचं, मारुतीच्या पाराशेजारी. मी नुसती रस्त्याने चालले होते. त्यांनीच हाक मारली. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"काय वं पोरी, आवतनाची चौकशी करून राह्यली म्हने? आम्हाले काऊन नाही इचारलं?"

"तुमच्याकडे आले होते बाबा?"

"नसतीन आले तरी आम्हाले सोडून कोणाले देतीन? पहिला मान कोणाचा हाय?"

"काका, आले होते का नव्हते, एवढंच सांगा."

"आता तू तं वकिलावानी इचारतं. आम्ही येतो. आबाजीले सांग, पोळी दुधासंगं पाहिजे."

घरी आले तेव्हा पुरण वाटून झालं होतं. भाऊ म्हणाला, "मग? सापडली जोडी?" मी म्हटलं, "तीन सापडल्या." तो हसला नाही. मला तेव्हा कळलं की मी सकाळी निघाले त्यापेक्षा जास्त गोंधळ घेऊन परत आले होते. या गावात बाबांना कोणी नाही म्हणत नाही. बाबा आले नव्हते असं सांगणं म्हणजे त्यांचा मान कमी करणं, म्हणून ते सगळीकडे आलेले होते.

भावजयीने पुन्हा डाळ शिजत घातली.

संध्याकाळी बैल जमतात तिथलं पोळ्याचं तोरण तुटलं, झडत्यांचा, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांचा आवाज घरापर्यंत आला, आणि मग आमच्या दारात एकामागून एक तीन जोड्या. झुली, गोंडे, शिंगांना बेगड. गल्ली भरून गेली. बाबा पांढरं धोतर नेसून दारात उभे. प्रत्येक जोडी आली की पुढे होऊन पायावर पाणी घालत, मी ओवाळत असे, ते पोळी भरवत. हात बैलाच्या तोंडाशी बरोबर जात होता. काकांच्या बैलाला दूध-पोळी दिली. बटाईदाराच्या डाव्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाले, "ह्याची आजी आपल्या गोठ्यातली."

भाऊ लगेच बटाईदाराला बाजूला घेऊन गेला. मीही गेले.

"खरं आहे का हे?"

"मी तं हा बजारातून आणला दादा," बटाईदार म्हणाला. "पण आबाजी म्हणतात तं असन."

"असन म्हणजे? आहे का नाही?"

"आता बैलाच्या आजीचं मी काय सांगू?"

सगळे बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे घेऊन गेले. गल्लीत शेण आणि फुलं पडली होती. बाबा दारातल्या खुर्चीवर बसले आणि रस्त्याकडे पाहत राहिले.

"बाबा, आता आत चला. झालं सगळं."

"अजून आले नाहीत," ते म्हणाले.

भाऊ मागे फिरला. आत जाऊन आपली बॅग भरायला लागला. मला वाटलं, संपलं. आता हो म्हणायचं आणि बाबांचे कपडे काढायचे. मी खुर्चीपाशी खाली बसले.

"बाबा, तीन जोड्या जेवून गेल्या."

"त्यायले तू बोलावलं," ते म्हणाले. "मी नाही. आले तं आले, चांगलं झालं. मी एकाच जोडीले देलं होतं."

"कोणाच्या? आता तरी सांगा."

"तुले सांगतलं तं तू तिथं जाऊन इचारशीन."

"मग विचारलं तर काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पंगतीत मधूनच उठले की पाहत. "आवतन देल्यावर मागून पक्कं कराले जात नसतात. त्याले वाटते, आपल्यावर इश्वास नाही. मंग येणारा बी येत नाही. एवढं बी शिकली नाही तू माह्याजवळ?"

हे अगदी बाबांचं बोलणं होतं. भावकीच्या लग्नांत त्यांनी हेच पाळलं. एकदा सांगून आले की पुन्हा त्या दाराकडे फिरकत नसत. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस इतकं रीतीचं बोलेल का? पण मग हेही मनात आलं की जोडीच नसेल, तर न सांगण्यासाठी यापेक्षा चांगलं कारण कोणतं? आणि असं कारण शोधायलाही डोकं लागतंच. मी हे उलटसुलट करून पाहिलं आणि जिथे होते तिथेच राहिले. विचारायला जावं, तर त्यांच्या मते पाहुणा येत नाही. न जावं, तर मला कळत नाही.

त्यांनी दोन पोळ्या ताटाखाली झाकून ठेवायला लावल्या. सकाळी ताटाखाली काही नव्हतं. गल्लीतल्या गाईला बाबांनी घातल्या, की खरंच कोणी आलं, मी विचारलं नाही. भावजय म्हणाली, मांजर असेल.

करीच्या दिवशी स्टँडवर भाऊ म्हणाला, "ताई, बोल. हो का नाही?"

"फोन करते," मी म्हटलं.

"आज?"

"करते रे."

गणपती बसले आणि उठले. गॅसवाल्याकडून आपोआप बंद होणारी शेगडी बसवून घेतली, शेजारणीकडे किल्ली दिली, बाबांच्या खिशात माझा नंबर शिवला. यादीतलं बाकी सगळं खोडून झालं आहे. भावाचा परवा मेसेज आला, "ताई, काय ठरलं?" त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.