नाताळच्या आदल्या दिवशी बाबांची वाटी

बस नाम दिन्ह शहराबाहेर पडली आणि मला वाटलं, मी व्हिएतनामात नाही, ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पाटात बदकं, सायकलवर गवताचा भारा. फरक एवढाच की दर दोन गावांआड चर्चचा मनोरा दिसत होता. मी चक्रावले. बुद्धाच्या देशात चाललेय म्हणून गडचांदूरच्या आमच्या बौद्ध मोहल्ल्यानं मला हार घालून पाठवलं होतं. वर्षभर इंग्रजी शिकवायला आले आणि मुक्काम मात्र पडला थेट कॅथलिक घरात. घ्या आता!

घरात दोघीच होत्या. लानबाई माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या आईला मी 'बा' (आजी) म्हणायचे. चटईवर जेवण मांडलं की सगळ्यांत लहान माणसानं मोठ्यांना एकेक करून 'जेवा' म्हणायचं, तोवर कुणी काड्या उचलायच्या नाहीत, असा तिथला रिवाज. लहान मीच. पहिल्या दिवशी नुओक मामच्या (माशाचं आंबवलेलं पाणी) वासानं माझं डोकं भणभणत होतं. मी गप्प, त्या गप्प, सूप गार. शेवटी बानं माझ्या मांडीवर चापट मारली आणि मला 'जेवा'साठीचे त्यांचे दोन शब्द शिकवले.

डिसेंबरात दमट थंडी हाडांत शिरायला लागली. त्यातच बाबांचा फोन आला. ते गावच्या सिमेंट फॅक्टरीत पाळीवर जातात. छातीत दुखलं, नागपूरला नेलं, आता नाताळच्या आदल्या दिवशी बायपास करणार होते.

"मी येते," मी म्हटलं.

"काऊन? तू काय डॉक्टर हायेस? धावत येशीन आन् नोकरी घालवशीन."

"पण बाबा..."

"तुही आई हाये न इथी. मी काही मरून नाई राह्यलो."

मी त्यांचं ऐकलं, आणि ऐकल्याचा मलाच राग आला. एका जागी बसवेना. वर्गात एकच वाक्य फळ्यावर दोनदा लिहायचे. शाळा सुटली की कालव्याच्या काठानं चालत सुटायचे, पूल आला की उगाच मागे फिरायचे. घरी आले की पुन्हा दारात. बानं ते पाहिलं आणि मला कामाला जुंपलं. तिथे घराघरांत येशूच्या जन्माची गुहा उभारतात. सिमेंटच्या रिकाम्या कागदी बॅगा चुरगाळायच्या, त्यांना काळा-करडा रंग फासायचा, की झाला खडक. सिमेंटच्या गावात वाढले मी, पण हा उपयोग बाई आमच्याकडे कुणाला सुचला नव्हता. हात रंगात होते, कान फोनकडे.

चोवीस तारखेला दुपारपर्यंत आटपेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुपार टळली. आईचा फोन लागेना. संध्याकाळी चर्चला जायच्या आधी लानबाईंनी जेवण मांडलं. गाक नावाच्या फळात शिजवलेला लाल चिकट भात, उकडलेली कोंबडी, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या. मी बाला 'जेवा' म्हटलं, लानबाईंना म्हटलं, आणि मग मला राहवेना. बाबा दुसऱ्या पाळीला असले की आई त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते. ताट झाकलेलं आहे म्हणजे माणूस येणार, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. मी उठून एक वाटी आणली, लाल भात भरला, काड्या ठेवल्या आणि रिकाम्या जागेपुढे मांडून म्हणाले, "बाबा, जेवा."

लानबाईंचा चेहरा उतरला. "हे काय केलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "समोर नसलेल्या माणसाची वाटी आम्ही फक्त वर्षश्राद्धाला मांडतो."

पितरांचं पान मांडणारी घरं आमच्या गावातही आहेत. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी डोकंच चाललं नाही. मी वाटी उचलायला गेले तर बानं माझं मनगट धरलं. तिनं वाटी स्वतःकडे ओढली आणि चक्क खायला लागली. तोंडात दात मोजकेच, भात चिकट, पण ती सावकाश चावत राहिली. मग काहीतरी बोलली.

"ती म्हणते," लानबाईंनी सांगितलं, "जिवंत माणसाच्या वाटणीचा भात आहे, तो जिवंत माणसांनीच संपवायचा. तसाच ठेवायचा नाही."

अर्धी वाटी बानं माझ्यापुढे सरकवली. मी रडत रडत खाल्ली. वाटीत शीतही उरू दिलं नाही.

चर्चच्या आवारात दिव्यांच्या माळा होत्या, पोरांचा गलका होता. आत गाणी सुरू झाली, लानबाई आत गेल्या. मी बाहेर फेऱ्या मारत राहिले. फोन थरथरला तेव्हा माझा हात खिशात अडकला.

"झालं बापा," आई म्हणाली. "लई येळ लागला. आता शुद्धीवर हायेत. पाणी मांगून राह्यले."

मी फोन खिशात टाकला. मागे वळले तर बा भिंतीशी उभी. ती आत गेलीच नव्हती. नाताळची प्रार्थना सोडून ती इतका वेळ माझ्यापाशी थंडीत थांबली होती. मी 'झालं' अशी मान हलवली. तिनं माझा गाल चिमटला आणि शाल सावरत आत गेली.

वर्ष संपवून मी परतले. बल्लारशा स्टेशनवर बाबा न्यायला आले होते, शर्ट अंगावर ढगळ झालेला. घरी येईपर्यंत मी सगळं सांगितलं. ते छातीवर हात दाबून हसले.

"मी थेटरात उपाशी, आन् माह्या वाटचा भात म्हातारीनं खाल्ला!"

मग "तिले एकदा आपल्या घरी जेवाले आणू," म्हणाले.

आता त्यांना फॅक्टरीत हलकं काम मिळालंय, पण दुसरी पाळी सुटलेली नाही. आई अजूनही ताट झाकून ठेवते. मला त्या रात्रीची वाटी आठवते, ते बघवत नाही. ती झोपली की मी भात परत भाताच्या गंजात, पातेल्यात, टाकते आणि बाबा येईपर्यंत न जेवता बसते. उपाशी काऊन बसली म्हणून ते रोज ओरडतात. ओरडू देत. ओरडायला ते घरी येतात.