पहिला गाल

हे मी बायकोलाही कधी सांगितलं न्हाई. एका न्हाव्याला भिऊन मी जालन्याहून मोटारीनं मंठ्याला दाढी करायला गेल्तो.

वीस वर्षं त्यानंच माझी दाढी केली, एकदाही रक्त काढलं न्हाई. मंग त्याच्या डोक्यातली शीर फुटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. हकीम म्हणाले, "हात राबवला तर येईल, न्हाई तर गेला."

त्यानं राबवला. रोज सकाळी दुधी भोपळ्याला साबण फासून वस्तरा चालवायचा आणि वर त्यालाच दटावायचा, "पाटील, मान वर करा! बायकोशी भांडून आलात काय?"

सहा महिन्यांनी भोपळा बिनओरखड्याचा निघाला. तो म्हणाला, "मास्तर, आता पहिला गाल तुमचा. तुम्ही बसलात की गाव बसंल."

"बराबर," मी म्हणालो, आणि मंठ्याला पळालो.

मी परतल्यावर त्यानं त्याच हातानं माझा गाल चाचपला. बोटं बिलकुल थरथरली न्हाईत.

"कोण्या गाढवानं केली, मास्तर? याच्याहून माझा भोपळा देखणा!"

माझा दुसऱ्याच हातचा गुळगुळीत गाल साऱ्या आळीनं पाहिला. मंग त्याच्यापुढं कोणीच बसलं न्हाई.

तो अजून भोपळ्याचीच दाढी करतो. मी त्याला एक गाल देणं लागतो.